जुनी फुलांची व्हॅन, बाबांची रिबीट-गन आणि आमचं फिरतं बिऱ्हाड

लीड्सकर

मागे एका धाग्यावर "जुनी मालवाहू व्हॅन घेऊन राहण्यासारखी करतोय, झाली की लिहितो" असं म्हणून मी पळालो होतो. तिघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून आठवण केली, म्हणून हा वेगळा धागा. व्हॅन झाली आहे. म्हणजे बरीचशी. कपाटांच्या मुठी अजून राहिल्यात आणि त्या बहुधा राहणारच.

आम्ही इंग्लंडात, लीड्सला असतो. मी, बायको, सात वर्षांची लेक, आणि यंदा सहा महिन्यांसाठी आलेले बाबा. बाबा एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत बॉडी सेक्शनला होते. मागच्या खेपेला इथे आले आणि तिसऱ्या आठवड्यात कंटाळले. बागेतलं शेड रंगवलं, शेजारणीच्या फाटकाची बिजागरी बदलली, मग टीव्हीसमोर बसून उसासे. यंदा विमानतळावर ट्रॉली ढकलता ढकलताच विचारलं, "गाडी घेतलीस की नुसताच बोलत होतास?"

घेतली होती. २०१७ ची, ७८ हजार मैल चाललेली, एका फुलांच्या घाऊक व्यापाऱ्याची. मधली लांबी, उंच छप्पर. मेक मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळा धागा त्यावरच घसरेल. डिझेल, पण युरो ६, म्हणजे धुराचं नवं मानक पाळणारी. हे महत्त्वाचं. त्याच्या आधीचं डिझेल इंजिन असेल तर लंडनच्या हद्दीत शिरलात की रोजचे साडेबारा पौंड, आणि आमच्या शेजारच्या ब्रॅडफर्डलाही जुन्या व्हॅनला पैसे पडतात. स्वस्त मिळते म्हणून २०१४ ची घेऊ नका.

पहिली चूक इथेच झाली. जाहिरातीत ७००० लिहिलं होतं. मी खूश. शेवटी बारीक अक्षरात "अधिक व्हॅट". मालवाहू गाड्या इथे बहुतेक व्यापारी घेतात, त्यांना व्हॅट परत मिळतो, म्हणून भाव तसाच सांगतात. आपल्याला कोण परत देणार? २० टक्के धरून ८४०० झाले.

दुसरी चूक बाबांनी काढली. इथे कुठल्याही गाडीच्या एमओटीचा, म्हणजे वार्षिक तपासणीचा, सगळा इतिहास सरकारी साइटवर फुकट दिसतो. मी तो वाचला, मैल जुळतात का ते पाहिलं, ब्रेकपॅडचं पाहिलं. दोन वर्षांमागे "गंज, डावी मागची बाजू" अशी एक ओळ होती, ती नुसती नजरेखालून गेली. बाबांनी आतलं प्लायचं अस्तर काढलं, चाकाच्या कमानीवर घराची किल्ली घासली, आणि किल्ली आत गेली. आरपार. फुलांच्या बादल्यांचं पाणी वर्षानुवर्षं तिथे मुरत होतं. मला वाटलं आता बोलणी बसणार. बाबा म्हणाले, "बरं झालं, लगेच कळलं. प्लाय लावल्यावर कळलं असतं तर?" पत्रा कापून नवा तुकडा वेल्डिंग करून घेतला, ३४० पौंड. ते मात्र गॅरेजमधून, कारण आमच्या गल्लीत वेल्डिंग मशीन चालवलं असतं तर शेजारणीने फाटकाचे उपकारही विसरले असते.

पुढचं उद्या. आज कामाचा वार आहे.


हिशेबनीस

छान लिहिलंय. पण एक भाबडा प्रश्न: ८४०० ची गाडी, वर ३४०, अजून आत काही नाही. एवढ्या पैशात किती रात्री हॉटेल झालं असतं?


लीड्सकर

@हिशेबनीस, पुष्कळ. बायकोनेही हाच प्रश्न विचारला होता, तोही कागद-पेन घेऊन. सगळं मिळून साडेतेरा हजारांच्या आसपास गेलेत. हिशेबाने परवडत नाही, हे आधीच मान्य करून टाकतो म्हणजे धागा पुढे सरकेल.


भटकभवानी

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत! आम्ही पुण्यात मारुतीची ईको कार्गो व्हॅन घेऊन हेच करायच्या विचारात आहोत. शेजाऱ्याची पाच वर्षं जुनी मिळतेय. तुमचं बघून हुरूप आलाय. बाबांना नमस्कार सांगा, माझे सासरेही दापोडीला होते, पेंट शॉपला.


लीड्सकर

@भटकभवानी, सांगितला. बाबा नाव विचारतायत, व्यनि करा. पुण्यातल्या ईकोबद्दल मला कायदा माहीत नाही, इथे कोणी जाणकार असतील तर लिहा.

आता कामाबद्दल. मी तीन महिने नकाशे काढत होतो. संगणकावर व्हॅनचं मॉडेल, त्यात आडवा पलंग, एल आकाराचा ओटा, सगळं सेंटिमीटरपर्यंत. बाबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "कागदावर सगळे ऐसपैस झोपतात. आधी रिकाम्या गाडीत दोन रात्री झोपून ये." मार्च महिना, बाहेर तीन अंश. मी आणि लेक, दोन गाद्या, दोन स्लीपिंग बॅगा, एक बादली.

त्या दोन रात्रींनी माझा निम्मा नकाशा रद्द केला. एक, मी पावणेसहा फूट. आडवं झोपल्यावर उघड्या पत्र्याला डोकं आणि पाय दोन्ही टेकत होते, वर अजून अस्तर लागून दोन्हीकडून पाच-पाच सेंटिमीटर जाणारच होते. म्हणजे पलंग उभाच हवा. दोन, थंडी भिंतीतून येते असं मी धरून चाललो होतो. ती येते खालून. तीन, आणि हे सगळ्यात मोठं, पहाटे चारला नाकावर थेंब पडला. मला वाटलं छप्पर गळतंय. बाहेर पाऊस नव्हताच. आमच्या दोघांच्या श्वासाची वाफ थंड पत्र्यावर जमून पाणी झाली होती. मुलगी उठून म्हणाली, "बाबा, गाडीला घाम आला."

आजोबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "तेच बघायला पाठवलं होतं."


सुतारपक्षी

मी न्यूझीलंडला दोन व्हॅन केल्यात, म्हणून आगाऊपणा करतो. पहिल्या व्हॅनमध्ये फटी भरायला फवारायचा फोम वापरला होता. कृपया कोणी वापरू नका. तो फुगताना बाहेरच्या पत्र्याला पोक काढतो, आणि पोकळ खांबात पाणी वाहून जायची जी कंपनीची भोकं असतात ती बुजतात. दोन वर्षांनी दार खालून सडलं. तुम्ही काय घातलंत?


लीड्सकर

@सुतारपक्षी, फोम मीही आणला होता, सहा डबे. बाबांनी खांबांच्या तळाची भोकं दाखवली, "ही कोणी गंमत म्हणून पाडलीत का?" डबे परत केले.

आमचा थर असा झाला. पत्र्याच्या सपाट भागावर आधी ब्यूटिल रबराचे चिकट तुकडे, फक्त आवाजासाठी. सगळीकडे लावायची गरज नाही, पत्र्याच्या मध्यावर तळहाताएवढा तुकडा लावला तरी ढब्ब आवाज जातो. त्यावर बंद पेशींचा काळा रबरी फोम, चिकट पाठीचा, पत्र्याला अगदी गच्च, कारण मध्ये हवा राहिली की तिथेच दव धरणार. पोकळ जागांत, जिथे हात जेमतेम जातो, तिथे मेंढीची लोकर सैलसर कोंबली. खालची भोकं मोकळी ठेवून. लोकरीच्या गुंडाळ्या बघून बाबा हसायलाच लागले. "एवढे पौंड देऊन घोंगडीच आणलीस की!" पण लगेच म्हणाले, घोंगडी ओली झाली तरी ऊब सोडत नाही, धनगर काय वेडे आहेत का. फरशीला मात्र कडक फोमचे तक्ते, कारण त्यावर चालायचंय, आणि वर १२ मिलिमीटरचा प्लाय.

आणि एवढं सगळं करूनही घाम थांबत नाही, कमी होतो. तो थांबवायला हवा बाहेर काढावी लागते. छपरात ४० बाय ४० सेंटिमीटरचा पंखा बसवला.

त्या भोकाबद्दल लिहिलंच पाहिजे. चांगल्या, न गळणाऱ्या छपराला स्वतःच्या हाताने भोक पाडायचं हे काम मी चार आठवडे पुढे ढकललं. एका शनिवारी मी भाजी आणायला गेलो आणि परत येतो तो बाबा शिडीवर, जिगसॉ चालू, खाली बायको जुनी चादर धरून उभी. चादर का, तर पत्र्याचा कीस. गरम कीस रंगावर पडून राहिला की दुसऱ्या दिवशी तांबडे ठिपके आणि आठवड्याने गंज. कापलेल्या कडेला आधी गंजरोधक प्रायमर, तो वाळेपर्यंत कोणी हात लावायचा नाही, मग पॉलियुरेथेनचं सीलंट. साधं बाथरूमचं सिलिकॉन नाही. त्यावर पुन्हा रंगही धरत नाही आणि नवं सीलंटही. बाबांनी पंख्याच्या चौकटीखाली छपराच्या उंचवट्यांमध्ये लाकडी पट्ट्या घासून बसवल्या, कारण व्हॅनचं छप्पर सपाट नसतं. तो एक तासाचा उद्योग मला यूट्यूबवर कोणी दाखवला नव्हता.


कोरडा_विनोद

चादरीचं पुढे काय झालं?


लीड्सकर

चादर लग्नातली निघाली. विषय संपला.


वायरमन

लेख वाचतोय. पण विजेचं काहीच नाही? माझा जीव त्यात अडकलाय.


लीड्सकर

@वायरमन, येतो. १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, छपरावर १७५ वॉटचं सोलर, आणि इंजिनकडून चार्ज करायला ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर. आधी मी साधा रिले लावणार होतो, पण बहुतेक युरो ६ गाड्यांचा अल्टरनेटर (इंजिनावर चालणारं जनित्र) हुशार असतो, त्याला वाटलं की गाडीची बॅटरी भरली की व्होल्टेज खाली आणतो. मग आपली बॅटरी अर्धपोटी राहते. म्हणून मध्ये चार्जर हवाच. बॅटरी ड्रायव्हरच्या सीटमागे, तिथून जाड तारा ओट्याखाली आणल्या, तिथे फ्यूजबॉक्स. दिवे, पंखा, पाण्याचा पंप, फ्रिज, यूएसबी, प्रत्येकाला वेगळा फ्यूज. नीटनेटकं झालंय, फोटो टाकतो.


वायरमन

फोटो पाहिला. काम सुबक आहे, पण बॅटरी ते फ्यूजबॉक्स या दोन मीटर तारेवर फ्यूज कुठे आहे?


लीड्सकर

फ्यूजबॉक्समध्ये आहेत की.


वायरमन

ते फ्यूजबॉक्सच्या पुढच्या तारांसाठी. मधली तार पत्र्याच्या कडेवर घासून उघडी पडली तर? गाडीचा पत्रा म्हणजे निगेटिव्ह. लिथियम बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर देते, तार लाल होईल आणि शेजारी तुमची घोंगडी. मुख्य फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून जेवढ्या जवळ बसेल तेवढ्या जवळ. फ्यूज यंत्राला वाचवायला नसतो हो, तारेला वाचवायला असतो. आज रात्री त्या गाडीत झोपू नका, उद्या बसवा.

आणि थंडीचं एक: ही बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नाही. वापरली तर चालते, चार्ज नाही. आत हीटर असलेली किंवा थंडीत चार्ज तोडणारी आहे का बघा.


लीड्सकर

बसवला. १२५ अँपिअरचा, टर्मिनलवरच. तारेला पत्र्यातून जाते तिथे रबरी कडंही (ग्रॉमेट) घातलं, ते एका ठिकाणी राहिलं होतं. खरंच धन्यवाद. बॅटरी थंडीत चार्ज तोडणारी आहे.

सोलरबद्दल खरं सांगायचं तर मे ते ऑगस्ट मजा आहे, जूनच्या सुमारास तर दहा वाजेपर्यंत उजेड असतो. डिसेंबरात इथे ते छपराची शोभा. तेव्हा जे काही मिळतं ते इंजिनाकडूनच.


चकलीप्रिया

मिक्सर चालतो का?


लीड्सकर

हा प्रश्न कोणीतरी विचारणार हे माहीतच होतं. घरचा ७५० वॉटचा इन्व्हर्टरवर चालतो, बॅटरीतून साठ-सत्तर अँपिअर ओढतो, पण चटणीला लागतं एक मिनिट, म्हणजे एक-सव्वा अँपिअर-अवर. त्यापेक्षा इलेक्ट्रिक किटली वाईट, ती घेतलीच नाही. सध्या खलबत्ता आहे, कारण एकदा सकाळी सात वाजता कॅम्पसाइटवर मिक्सर लावल्यावर आजूबाजूच्या तीन तंबूंच्या चेनी उघडल्या.


चकलीप्रिया

आणि फोडणी? वास जात असेल का लोकरीतून?


लीड्सकर

फोडणी बाहेर. मागचं दार उघडून, स्टूलवर छोटी शेगडी. आत फक्त भात, चहा, मॅगी. पहिल्याच सहलीत आत केलेल्या लसणाच्या फोडणीचा वास पुढच्या महिन्यात व्हॅनमधून ऑफिसला गेलो तेव्हाही शर्टाला होता.

आतला गॅस प्रोपेनचा. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला वाफ व्हायचा थांबतो, म्हणजे इथल्या हिवाळ्यात सिलिंडर भरलेला आणि चहा नाही. गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साठतो, त्यामुळे सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला गाडीबाहेर उघडणारं भोक असावं लागतं आणि कप्पा आतल्या बाजूने हवाबंद. जोडणी आम्ही दोघांनीही केली नाही, परवानाधारक गॅसवाल्याकडून करून घेतली. गरम व्हायला डिझेल हीटर, दोन किलोवॉटचा. एवढ्या गाडीला भरपूर होतो. त्याचा धूर गाडीखालून बाजूला जातो, आणि उशाशी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. बाबा दर रात्री त्याचं बटण दाबून वाजवून बघायचे. मुलीला तो आता अंगाईसारखा झालाय.


कागदी_घोडा

@भटकभवानी, तुमचा प्रश्न मागे राहिला. गाडी घ्यायच्या आधी वाचा. आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर जे लिहिलंय त्याच्याशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल नको असं बजावलंय. कार्गो ही मालवाहू म्हणून नोंदलेली. मागच्या भागात माणसं बसवून प्रवास करणं हाच गुन्हा, पलंग तर दूर. विम्याचा दावा आला तर पहिला प्रश्न हाच. आपल्याकडे कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे, पण ते मान्यता घेऊन बांधणाऱ्यांसाठी. शेजाऱ्याच्या ईकोला ते लावत बसणं व्यवहारात अवघड.

सरळ मार्ग: खाजगी पासिंगची प्रवासी गाडी घ्या, सीटांना हात लावू नका, आणि मागे सामान म्हणून ठेवता येईल अशी सुटी पेटी करा. रात्री तिची फळी उलगडली की पलंग, सकाळी मिटली की पेटी. स्क्रू नाही, वेल्डिंग नाही, पट्ट्यांनी आवळलेली. गॅस बाहेर उतरवूनच पेटवा.


भटकभवानी

बरं झालं विचारलं. शेजाऱ्यांना नाही म्हणून सांगते. सुटी पेटी आवडली. पण मग थरांचं काय, लोकर वगैरे?


सुतारपक्षी

कोकणात मे महिन्यात लोकर कशाला, ताई! तुम्हाला हवा खेळती हवी. खिडक्यांना चुंबकाची मच्छरदाणी, काचांवर चकचकीत पडदे, १२ व्होल्टचे दोन पंखे आणि झाडाची सावली. हा धागा थंड देशातला आहे, जसाच्या तसा उचलू नका.


ऑस्टिनवासी

आमच्याकडे टेक्सासातही तेच. इथे फियाटच्या डुकाटो व्हॅनचीच बहीण प्रोमास्टर या नावाने मिळते. तिच्या भिंती उभ्या सरळ असतात, त्यामुळे बुटक्या माणसाला आडवं झोपता येतं. मी पाच फूट तीन. आयुष्यात पहिल्यांदा उंचीचा फायदा झाला.

@लीड्सकर, तिकडे कागदोपत्री काय करावं लागतं?


लीड्सकर

@ऑस्टिनवासी, विमा कंपनीला पहिल्या दिवशी कळवायचं, काम चालू असतानाच्या काळासाठीही पॉलिसी मिळते. नोंदणीत "मोटर कॅरॅव्हॅन" असं नाव हवं असेल तर डीव्हीएलए, म्हणजे इथलं वाहन नोंदणी खातं, आता मुख्यतः बाहेरून गाडी तशी दिसते का ते बघतं: बाजूला दोन खिडक्या, उंच छप्पर, बाजूला सावलीचं कापड ताणायचा दांडा, अंगावर पट्टे. आत पंचतारांकित केलंत तरी बाहेरून पांढरी व्हॅन म्हणजे व्हॅनच. मी अजून अर्ज केलेला नाही. तोवर मी वेगमर्यादा व्हॅनची पाळतो: कारला जिथे ताशी साठ मैल, तिथे दुभाजक नसलेल्या रस्त्यावर आम्हाला पन्नास. बाबांना तोही वेग जास्तच वाटायचा.

एक गोष्ट मी पहिल्या भागात टाळली. गाडीला पुढे तीन सीट आहेत. मी, बायको, मधे बूस्टर सीटवर लेक. मागे पट्ट्याची चौथी सीट बसवायची तर चाचणी झालेली चौकट खालून पक्की करावी लागते. भाव काढला, दोन हजारांच्या वर, आणि बसवली की पलंगाची लांबी जाते. बाबांनीच टेप लावून मोजलं, दोनदा मोजलं, आणि म्हणाले, "नको. पलंग राहू दे." म्हणजे ज्यांनी गाडी बांधली त्यांनाच आमच्याबरोबर जाता येणार नव्हतं.

म्हणून त्यांच्या परतीच्या आधी आम्ही दोघंच गेलो, चार रात्री. स्कॉटलंड, वर ॲपलक्रॉसपर्यंत. बेअलाख् ना बा नावाचा घाट आहे, एकेरी रस्ता आणि केसपिनासारखी वळणं. बाबा पूर्ण घाट खिडकीतून खाली बघत होते आणि समोरून गाडी आली की हात बाहेर काढून कंडक्टरसारखा दरवाजाचा पत्रा वाजवत होते. दोनदा. थांबायचं असेल तर एकदा. रात्री वारा एवढा की व्हॅन डुलत होती. मी जागा. ते म्हणाले, "सस्पेन्शन आहे, डुलणारच. तू पंख्याची कड बघ." टॉर्च लावून पाहिलं. कोरडी होती.


हिशेबनीस

माझा पहिला प्रश्न मागे घेतो.


कोरडा_विनोद

मी चादरीचा मागे घेत नाही.


भटकभवानी

लीड्सकर, सासऱ्यांना तुमच्या बाबांचं नाव सांगितलं. ओळखतात! कँटीनला एका टेबलावर असायचे म्हणे. परत आलेत ना? नंबर व्यनि करते.


लीड्सकर

@भटकभवानी, आलेत, सांगवीला आहेत. नंबर द्याच.

आणि जाणकारांना एक शेवटचा प्रश्न. बाबा गेल्यापासून ताशी चाळीस मैलांच्या वर वेग गेला की डावीकडच्या वरच्या कपाटातून टकटक येते. बिजागऱ्या घट्ट केल्या, कपाट रिकामं केलं, रिबीट एकेक दाबून पाहिली. काही सैल नाही. काय असेल?


सुतारपक्षी

कपाटाच्या पाठीमागे, अस्तर आणि पत्र्याच्या मध्ये काही राहिलंय का? माझ्या व्हॅनमध्ये पेन्सिल निघाली होती.


लीड्सकर

आज पाठीमागची फळी काढली. बाबांची सहा इंची पोलादी पट्टी, दापोडीची, मागे त्यांचा टोकन नंबर कोरलेला. विमानतळावर जाताना सगळ्या घरात शोधत होते ती. व्हिडिओ कॉल करून दाखवली. म्हणाले, "आता उघडलंच आहेस तर तिथली लोकर जरा सारखी कर."